तक्त्यावर नाव लिहिणारी माणसं

यंदा ईस्टर ५ एप्रिलला आहे. भस्म बुधवार १८ फेब्रुवारीला झाला, झावळ्यांचा रविवार २९ मार्चला येतोय, आणि या दोन तारखांच्या मधले आठवडे म्हणजे आमच्या चर्चच्या कार्यालयातला सगळ्यांत धावपळीचा हंगाम. मी इथे अर्धवेळ काम करते. रविवारचं उपासनापत्रक तयार करून छापायचं, फोन घ्यायचे, आजारी माणसांची यादी पाळकांच्या टेबलावर ठेवायची, सभागृह कुणाला कधी दिलंय ते बघायचं, हे वर्षभराचं काम. मार्च लागला की त्यात तक्त्यांची भर पडते. कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर मी एकेक तक्ता लावत जाते. प्रीतिभोजनाचे पाव वाटायला कोण, कॉफी करायला कोण, बँडवाल्यांच्या नाश्त्याला कोण, कबरी धुवायला कोण, उन्हाळी शिबिरासाठी मुलांची नावं कोण गोळा करणार, सनीसाइडच्या शिधाकेंद्रावर कोण जाणार. शेजारी दोरीला बांधलेलं पेन लोंबत असतं. रविवारची उपासना संपली की लोक कोट अंगावर चढवता चढवता तिथे थांबतात आणि नाव लिहितात.

हे गाव विन्स्टन-सेलम, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातलं. मी मूळची अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या मंडळीत वाढले, नारायण वामन टिळकांची भजनं पाठ करत मोठी झाले. यजमानांच्या नोकरीमुळे इथे आलो आणि घराजवळचं चर्च मोरेव्हियन निघालं. तोवर मोरेव्हियन हे नाव मी ऐकलं होतं ते लेहच्या संदर्भात. हे लोक १८५६ साली लाहौलमधल्या केलाँगला आणि १८८५ साली लेहला पोचले होते. लेहमध्ये त्यांचं चर्च आणि शाळा आजही आहे. इथल्या म्हाताऱ्या माणसांना मी भारतातली आहे म्हटल्यावर मुंबईच्या आधी लेह आठवतं, कारण लहानपणी मिशनच्या मासिकांत त्यांनी तिथले फोटो पाहिलेले असतात. नगर कुठे आणि लेह कुठे, पण त्यांच्या दृष्टीने मी त्याच बाजूची.

नगरला माझी श्रद्धा कानांतून आत गेली. प्रवचन, भजन, कीर्तन. इथे ती हातांतून आत आली. या मंडळीत काय मानतात हे मला शिकवणीच्या वर्गात समजायला वेळ लागला, पण कामाच्या पाळ्या लावता लावता समजत गेलं, आणि आज मला वाटतं की समजून घेण्याचा तोच खरा रस्ता होता. म्हणून या वसंतात काय काय होणार आहे ते सांगताना मी कामांकडूनच सांगणार आहे.

थोडा इतिहास आधी, कारण त्यावाचून ही कामं उपरी वाटतील. यान हुस नावाच्या बोहेमियन धर्मसुधारकाला १४१५ साली जिवंत जाळलं. त्याच्या विचारांच्या लोकांनी १४५७ साली कुनवाल्ड या गावी आपली बंधुमंडळी उभारली. पुढे छळाने ती जवळजवळ संपली. १७२२ साली मोराव्हियातून पळालेली काही कुटुंबं सॅक्सनीत काउंट झिंझेनडॉर्फच्या जमिनीवर आली आणि तिथे हेर्नहुट हे गाव वसलं. गावात भांडणं फार होती. १३ ऑगस्ट १७२७ रोजी एका प्रभुभोजनाच्या उपासनेत ही माणसं एकमेकांशी मनापासून जोडली गेली. उपासना संपल्यावरही त्यांना घरी जाववेना. घोळके करून ती बोलत राहिली, तेव्हा काउंटने आपल्या स्वयंपाकघरातून त्यांना खायला पाठवलं. तिथून प्रीतिभोजनाची प्रथा सुरू झाली.

नॉर्थ कॅरोलिनात या लोकांनी १७५३ साली सुमारे एक लाख एकर जमीन घेतली. पेनसिल्व्हेनियातून पंधरा जण निघाले आणि १७ नोव्हेंबर १७५३ रोजी आजच्या बेथाबराच्या जागी पोचले. तिथे एक सोडून दिलेलं लाकडी खोपट सापडलं, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी त्यात प्रीतिभोजन केलं. सेलम हे मुख्य गाव १७६६ पासून उभं राहू लागलं. दमून आलेल्या माणसांनी आधी एकत्र खाल्लं, बाकीचं सगळं नंतर बांधलं, हे मला फार आवडतं.

आता पाव आणि कॉफी. आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी प्रीतिभोजन असतं. या दिवसाला इथे थोर शब्बाथ म्हणतात, ख्रिस्त कबरीत विसावलेला दिवस. वाटणाऱ्यांना डीनर म्हणायची जुनी जर्मन रीत अजून चालू आहे. बाया टोपल्यांतून पाव घेऊन येतात, पुरुष लाकडी तबकांतून कॉफीचे मग. बाकाच्या टोकाला टोपली द्यायची, ती हातोहात पुढे सरकते आणि दुसऱ्या टोकाहून परत येते. पाव किंचित गोड, मऊ, तळहाताएवढा. त्याच्या कणकेत उकडून कुस्करलेला बटाटा आणि संत्र्याची साल घालायची पद्धत आहे. इथल्या बेकऱ्या त्यावर सुरीने एम अक्षर कापतात. कॉफी दूध-साखर घालूनच येते. नगरच्या माणसाला तिच्यात काहीच परकं वाटत नाही, आणि काळ्या कॉफीच्या या देशात मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं ते हिच्यामुळे.

सगळ्यांच्या हातात पाव आणि मग येईपर्यंत कुणी खात नाही. गायकवर्ग गात असतो, वाटणारे आवाज न करता फिरत असतात, आणि शेवटच्या बाकावरच्या शेवटच्या मुलापर्यंत पोचलं की पाळक प्रार्थना म्हणतात. मग सगळे एकदम खातात. हे प्रभुभोजन नाही, त्यात संस्कार म्हणून काही नाही. दारातून आत आलेल्या कुणालाही मिळतं. तुम्ही कोण, कुठल्या चर्चचे, कुणी विचारत नाही. श्रीमंत डॉक्टर आणि रात्रपाळीचा सफाई कामगार एकाच बाकावर, दोघांपुढे तोच पाव आणि तोच मग.

हे साधं दिसतं. पण कॉफीचे मग कधी धुवायचे, कुठल्या बाजूने भरायचे, मोठ्या भांड्यात कॉफी किती वाजता चढवायची म्हणजे ती वाटताना गरम असेल आणि तोंड मात्र भाजणार नाही, पाव किती सांगायचे म्हणजे कमीही पडणार नाहीत आणि वायाही जाणार नाहीत, या सगळ्याला डोकं लागतं. आमच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख ऐंशीच्या पुढच्या बाई आहेत. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारते, पण मनात त्या आजीच आहेत. त्या कॉफीची चव बघत नाहीत, रंग बघतात. दर वेळी नव्या वाटणाऱ्यांना त्या एकच गोष्ट सांगतात: “कुणाकडे बघून हसू नका, पण कुणाला चुकवूही नका. ओळखीच्या बाकापाशी जास्त वेळ थांबलात तर अनोळखी बाकावरचा माणूस ते बघत असतो.” एवढ्या एका सूचनेत मला अख्ख्या मंडळीचं शास्त्र दिसतं. सगळे सारखे, हे तोंडाने म्हणायला काही लागत नाही. बाकाबाकाने ते खरं करत जावं लागतं.

त्याआधीचा आठवडा वाचनाचा. झावळ्यांच्या रविवारपासून रोज संध्याकाळी चर्चमध्ये जमायचं आणि चारही शुभवर्तमानं एकत्र गुंफून केलेला येशूच्या शेवटच्या दिवसांचा वृत्तांत वाचायचा. ज्या दिवशी जे घडलं ते त्या दिवशी. मध्येमध्ये सगळ्यांनी मिळून गायचं. प्रवचन नाही, कुणी काही समजावून सांगत नाही. गुरुवारी प्रभुभोजन. इथे लोक पुढे जात नाहीत, पाळकच बाकांपाशी येऊन भाकर देतात, आणि सगळ्यांना मिळाली की सगळे एकाच वेळी खातात. उपासनेत शेजाऱ्याशी उजवा हात मिळवतात. माझं काम वाचनाच्या पुस्तिका मोजून बाकांत लावणं आणि मोठ्या अक्षरांच्या प्रती पुढच्या बाजूला ठेवणं. तेवढंच.

आता कबरींबद्दल सांगते, आणि त्यावर जरा थांबते.

सेलमच्या दफनभूमीला गॉड्स एकर म्हणतात. होम मोरेव्हियन चर्चपासून, जे १८०० साली बांधलं गेलं, सीडरच्या झाडांच्या रस्त्याने वर चढलं की ती लागते. पहिलं दफन १७७१ सालचं. आज सात हजारांहून जास्त कबरी आहेत आणि दगड सगळे आडवे, पांढऱ्या संगमरवराचे, सारख्या मापाचे. मोठ्या माणसाचा दगड सुमारे २० इंच रुंद, २४ इंच लांब, ४ इंच जाड. पुतळा नाही, खांब नाही, मनोरा नाही. गव्हर्नर असो नाहीतर धोबीण, दगड तोच. आणि कुटुंबाने कुणी पुरलं जात नाही. विवाहित पुरुष एका भागात, विवाहित बाया दुसऱ्या भागात, अविवाहित भाऊ, अविवाहित बहिणी, लहान मुलं वेगवेगळ्या भागांत, आणि प्रत्येक भागात मरणाच्या क्रमाने. म्हणजे नवऱ्याच्या शेजारी बायको नसते. त्याच्या शेजारी असतो त्याच्यानंतर गेलेला पुरुष, कदाचित आयुष्यभर ज्याच्याशी बोलला नाही असा. सुरुवातीला मला हे कठोर वाटलं होतं. आता वाटतं, जिवंतपणी बाकावर शेजारी कोण बसेल हे जर आपण निवडत नाही, तर तिथे तरी का निवडावं.

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी आणि शनिवारी लोक बादल्या, ब्रश आणि कापडं घेऊन येतात. हिवाळ्याचं शेवाळ, सीडरची सुयांसारखी पानं, आणि मार्च-एप्रिलमध्ये इथे पाइनच्या झाडांचा पिवळा पराग उडतो, तो सगळ्यावर बसतो. गाड्यांवर, पायऱ्यांवर, कबरींवर. पाणी ओतलं की ओघळ पिवळे धावतात. संगमरवराला तारेचा ब्रश लावायचा नाही, ब्लीच घालायचं नाही, हे मी तक्त्याच्या वरच ठळक लिहून ठेवते, कारण दगड झिजला की अक्षर जातं आणि अक्षर गेलं की माणूस गेला. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि गुडघे टेकायला जुनी उशी. धुऊन झालं की प्रत्येक दगडापाशी फुलं. घरचे लोक आपापल्या माणसांची करतात, पण दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्यांचं करायला घरचं कोण असणार? ती कबर मंडळीची. म्हणून तक्ता.

आमच्या मंडळीतल्या पौगंडावस्थेतल्या मुलांना मी दर वर्षी जुन्या भागात पाठवते. फोन खिशात ठेवा म्हणून सांगावं लागत नाही, हात ओलेच असतात. ती तारखा वाचायला लागतात. हा एकोणीस वर्षांचा होता. ही जर्मनीत जन्मली आणि इथे गेली. हे तान्हं बाळ. मला नगरची आमची दफनभूमी आठवते, तिथे आई ईस्टरआधी चुन्याची बादली घेऊन जायची आणि मला मामीच्या कबरीचा कोपरा रंगवायला द्यायची. घराण्याच्या पलीकडच्या कबरीला चुना लावलेला मात्र मी कधी पाहिला नव्हता.

पाहुण्यांना सारख्या दगडांबद्दल सांगताना मी तिथेच थांबत नाही, आणि कुणी थांबू नये असं मला वाटतं. सेलमच्या मोरेव्हियन मंडळीकडे गुलाम होते. मंडळीच्याच मालकीचे. आणि तरी सुरुवातीच्या काळात काळे बंधुभगिनी याच जमिनीत, याच दगडांखाली पुरले गेले. पीटर ऑलिव्हर नावाचा कुंभार गुलामीत होता, त्याने स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं, तो १८१० साली वारला आणि गॉड्स एकरमध्येच आहे. त्यानंतर सहा वर्षांनी, १८१६ साली, इथून पुढे काळ्यांचं दफन वेगळ्या जागी असं ठरलं. १८२२ साली त्यांची मंडळीच वेगळी झाली, १८२३ साली त्यांच्यासाठी लाकडी ओंडक्यांचं चर्च उभं राहिलं, १८६१ साली विटांचं. तेच सेंट फिलिप्स. २१ मे १८६५ रोजी त्या विटांच्या चर्चमध्ये सैन्याच्या एका धर्मगुरूने गुलामगिरी संपल्याचा हुकूम वाचून दाखवला. मोरेव्हियन चर्चच्या दक्षिण प्रांताने आपल्या या वागण्याबद्दल माफी मागितली ती २००६ साली.

म्हणजे सारख्या दगडांची रीत चालू असतानाच, त्याच माणसांनी, त्याच प्रार्थना म्हणत, काही जणांना त्या रांगेतून बाहेर काढलं. नगरहून आलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. एकाच मंडळीत बसून जात कशी जिवंत राहते हे मी घरी पाहिलेलं आहे. म्हणून माझ्या तक्त्यात सेंट फिलिप्सच्या बाजूच्या जुन्या दफनभूमीची साफसफाई वेगळी ओळ म्हणून येते, आणि वसंतातल्या घटनांच्या पत्रकात २१ मे ही तारीख मी दर वर्षी छापते, प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या आणि पेंटेकॉस्टच्या दिवसांच्या रांगेत. यंदा तो गुरुवार आहे. सेंट फिलिप्सची मंडळी आजही नांदती आहे. आपण मोठ्या दिलाने कुणाची आठवण काढतोय, असं आपल्या लोकांना वाटू नये म्हणून हे सांगते.

शनिवारची रात्र बँडची. मोरेव्हियन लोकांना पितळी वाद्यांचं वेड आहे, आणि ते जुनं आहे. पूर्वी गावात कुणी गेलं की ट्रोंबोनवर सूर वाजायचे आणि सुरावरून कळायचं की गेलेला विवाहित पुरुष आहे की अविवाहित बहीण की मूल. ईस्टरच्या पहाटे वेगवेगळ्या चर्चेसमधले शेकडो वादक एकत्र येतात. मध्यरात्र उलटून गेली की त्यांचे गट शहरात पांगतात, चौकाचौकात थांबून कोरल, म्हणजे स्तोत्रांच्या चाली, वाजवतात आणि झोपलेल्या शहराला उठवतात. वाजवणाऱ्यांत पाचवीतलं पोर असतं आणि नातवंडांचा आजोबाही. ट्युबा धरलेला माणूस दिवसा बँकेत काम करतो, हॉर्न वाजवणारी मुलगी शाळेत शिकवते. नगरला आमच्याकडेही ईस्टरच्या पहाटे प्रभातफेरी निघायची, ढोलकी आणि झांजा घेऊन, आणि दारं उघडायची. त्यामुळे पहिल्याच वर्षी पहाटे अडीचला खिडकीबाहेर सूर ऐकू आला तेव्हा मी घाबरले नाही. चप्पल घालून बाहेर गेले.

आमचं काम त्यांना परत आल्यावर खाऊ घालणं. रात्री एकपासून स्वयंपाकघरात दिवे असतात. अंडी, सॉसेज, बिस्किटं, आणि मोरेव्हियन शुगरकेक, ज्याच्यावर लोणी आणि ब्राउन शुगर खळग्यांत साचलेली असते. वादक आत येतात तेव्हा ओठ सुजलेले, बोटं गारठलेली. कुणी फारसं बोलत नाही, पोटभर खातात आणि परत निघतात, कारण मुख्य काम अजून पुढे असतं.

सेलममध्ये सूर्योदयाची उपासना पहिल्यांदा १७७२ साली झाली. तिचं मूळ हेर्नहुटचं. १७३२ साली तिथले काही तरुण ईस्टरच्या पहाटे डोंगरावरच्या दफनभूमीत जाऊन गायले होते, त्यावरून. इथे अंधारात हजारो माणसं होम चर्चसमोरच्या चौकात उभी राहतात. प्रभू उठल्याची घोषणा होते, लोक तिला उत्तर देतात, आणि मग सगळे गॉड्स एकरकडे चालायला लागतात. न बोलता. बँडचे गट दफनभूमीत वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे असतात. भजनात एका बाजूने ओळ म्हणावी आणि समोरच्यांनी ती उचलावी, तसं एक गट वाजवतो आणि दुरून दुसरा उत्तर देतो. मधून माणसांची रांग धुतलेल्या दगडांच्या आणि फुलांच्या कडेने जात राहते. कबरींपाशी उरलेली प्रार्थना होते. गेल्या ईस्टरनंतर जे प्रभूकडे गेले त्यांच्याबरोबर आम्हाला जोडलेलं ठेव, असं त्यात मागणं आहे. माझ्या हातून वर्षभर त्या माणसांच्या अंत्ययात्रेची पत्रकं छापली गेलेली असतात. मला ती नावं एकामागून एक आठवतात आणि मी ती मनात म्हणते.

२०२० साली महामारीमुळे लोकांना येता आलं नाही. पाळकांनी मोजक्या माणसांत उपासना केली आणि लोकांनी ती घरी पडद्यावर पाहिली. त्या वर्षी माझ्या लक्षात आलं की हजारो लोक उपासना बघायला येत नाहीत. ते चालायला येतात.

ईस्टरनंतर वसंत संपत नाही, कामं बदलतात. ब्लू रिज डोंगरावर लॉरेल स्प्रिंग्जजवळ दक्षिण प्रांताचं लॉरेल रिज हे शिबिराचं ठिकाण आहे. तिथल्या उन्हाळी शिबिरांसाठी मुलांची नावं, पालकांच्या सह्या, आणि ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी मदतनिधी, हे सगळं मे महिन्याच्या आत व्हावं लागतं. चिकन पायची विक्री असते. कोंबडी शिजवून, हाडं काढून, रश्शासकट पिठाच्या दोन थरांत भरलेले हे पाय बाया शंभरांनी करतात, गोठवतात, विकतात, आणि तो पैसा मदतनिधीला जातो. नव्या वाद्य शिकणाऱ्या मुलांचा वर्ग सुरू होतो. वाद्य चर्चचंच, शिकवणी फुकट.

आणि जीवनवृत्तांतांचा वर्ग. मोरेव्हियन माणूस आपल्या आयुष्याची हकिकत स्वतः लिहून ठेवतो आणि ती त्याच्या अंत्यविधीत वाचली जाते. अडीचशे वर्षांहून जुनी रीत आहे, इथल्या अभिलेखागारात असे हजारो वृत्तांत आहेत, सुतारांचे, दाईंचे, गुलामीत राहिलेल्या माणसांचे सुद्धा. दोन पानांतच सांगायचं असतं, म्हणून लोक अडतात. मी त्यांना लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’बद्दल सांगते. थोर घटना शोधत बसू नका, त्या बाईने भांडणं लिहिली, भूक लिहिली, दुखणी लिहिली, आणि आजही महाराष्ट्र ते वाचतो. आमच्या एका आजोबांनी मग तंबाखूच्या कारखान्यातली आपली पहिली पाळी लिहिली. सिगारेटच्या या शहरात ते लिहायला त्यांना इतकी वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

राहिला शेवटचा तक्ता, सनीसाइडचा. हे मोरेव्हियन चर्चेसनी चालवलेलं सेवाकेंद्र शहराच्या दक्षिण भागात आहे. शिधा, कपडे, आणि भाडं किंवा विजेचं बिल थकलेल्यांना मदत. ईस्टरच्या तक्त्यांवर ओळी संपतात, लोक समासात नावं लिहितात. सनीसाइडच्या तक्त्यावर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, गर्दी असते आणि मे महिन्यात तो रिकामा व्हायला लागतो. नेमक्या तेव्हाच गरज वाढणार असते. जूनमध्ये शाळा बंद होतात, शाळेतलं फुकट जेवण थांबतं, आणि ज्या घरात मुलं दोन वेळचं शाळेत खात होती त्या घराला ती दोन जेवणं आता बाजारातून आणावी लागतात.

याचं मला दुःख आहे आणि मी ते लपवत नाही. शनिवारी दुपारी शेवटच्या बाकावरच्या मुलाला पाव मिळाल्याशिवाय जी माणसं घास घेत नाहीत, ती माणसं वाईट नाहीत, उदासीनही नाहीत. त्यांना ईस्टरच्या कामात आनंद मिळतो, त्यांचे आजोबा तिथे वाजवायचे, त्यांची आई तिथे पुरलेली आहे. शिध्याच्या कपाटात डबे लावताना बँड वाजत नाही. पण हेर्नहुटला त्या दिवशी काउंटच्या घरून जेवण आलं ते उपासना सुंदर झाली म्हणून आलं नव्हतं. माणसं भुकेली होती म्हणून आलं.

म्हणून यंदा मी वडीलवर्गापुढे एक लेखी सूचना ठेवली आहे. ईस्टरच्या प्रत्येक तक्त्यावर नावासमोर आणखी एक रकाना असावा, जून ते ऑगस्टमधला सनीसाइडचा एक दिवस. सक्ती नाही, पण रकाना समोर हवा. शिवाय थोर शब्बाथच्या प्रीतिभोजनातलं अर्पण उन्हाळ्याच्या शिध्यासाठी राखून ठेवावं. विरोध आहे. रात्रभर वाजवलेल्या माणसावर आणखी भार टाकू नये, असं एका ज्येष्ठांचं म्हणणं आहे, आणि ते मला खोटं वाटत नाही. सणाच्या आनंदाला हिशेब जोडू नये, असं दुसऱ्या कुणी म्हटलं. त्याला माझं उत्तर असं की हिशेब जोडलेलाच आहे, पावांचा, मगांचा, दगडांचा, आणि त्यामुळेच तो आनंद दर वर्षी वेळेवर उभा राहतो.

वडीलवर्गाची सभा ईस्टरनंतर एप्रिलमध्येच आहे. मला तिथे मत नाही, मी कर्मचारी आहे, म्हणून सूचना कुणा सभासदाने मांडावी लागेल. स्वयंपाकघरातल्या आजींनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला, आणि म्हणाल्या, “मी मांडते. पण आधी ऑगस्टमधल्या दोन सकाळी माझं नाव लिही, नाहीतर विचारतील.”